बोर्ड नाही, म्हणून वळायचं का?

जुळे सोलापुरातून अक्कलकोट रोड एमआयडीसीला रोज रिक्षानं जायचं तर वर्षाचा खर्च किती होतो, हे एकदा वहीत मांडून बघितलं आणि गाडी शिकायचं ठरवलं. गाडी घरात होतीच. चालवायचे आमचे हे, आणि त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून ती पोर्चमध्ये धूळ खात उभी होती. आमचं शाळेच्या गणवेशांचं छोटं युनिट आहे. मार्चपासून जूनपर्यंत ऑर्डरींची झुंबड असते, दिवसातून दोनदा जाणं-येणं होतं, आणि सोलापूरचं एप्रिलचं ऊन ज्यानं अंगावर घेतलंय त्याला गाडी कशाला हवी हे सांगावं लागत नाही.

वय ४६. चाळिशी ओलांडलेल्याला लर्निंग लायसन्ससाठी डॉक्टरांचं सर्टिफिकेट लागतं, फॉर्म १-अ म्हणतात त्याला. आमच्या डॉक्टरांनी भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचायला लावला आणि लाल-हिरवा ओळखता येतो का विचारलं. म्हटलं, बॉटल ग्रीन आणि मिलिटरी ग्रीन मी दुकानाच्या दारातून ओळखते, तुम्ही सिग्नलचं काय विचारता. बाकी सगळं 'सारथी' पोर्टलवर: आधार, ओटीपी, फी, मग एक सुरक्षिततेचा व्हिडिओ, आणि शेवटी घरबसल्या परीक्षा. कॅमेऱ्यासमोर एकटं बसायचं. १५ प्रश्न, त्यातले ९ बरोबर यावे लागतात.

त्या पंधरांत एक प्रश्न होता, यू-टर्न कुठं घ्यायचा नाही असा. पर्यायांत 'वर्दळीचा रस्ता' होता, मी तो निवडला, उत्तर बरोबर आलं. पास झाल्यावर बाहेर येऊन सांगितलं तर हे म्हणाले, "वर्दळीचा रस्ता म्हणजे? मग सोलापुरात कुठंच वळायचं नाही का? जिथं मनाई आहे तिथं बोर्ड असतो. बोर्ड नसेल तर वळायचं. तीस वर्षं मी तेच करतोय."

त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. मनाई असती तर बोर्ड लावला असता, हा युक्तिवाद ऐकायला बिनतोड वाटतो, आणि निम्मं शहर त्याच्यावरच वळतं. पण मग परीक्षेत 'वर्दळीचा रस्ता' हे उत्तर बरोबर कसं? तो प्रश्न डोक्यात राहिला, आणि पुढं गाडी शिकताना माझा सगळ्यात जास्त वेळ त्यातच गेला. क्लच, गिअर, चढावर गाडी मागं येणं, हे सगळं मी सोडून देते. ते सगळ्यांचं सारखंच असतं आणि महिनाभरात हाताला कळतं.

ड्रायव्हिंग स्कूलचे सर माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. पहिल्या दिवशी मॅडम म्हणाले, तिसऱ्या दिवसापासून काकू. पुढं-मागं पांढऱ्या पाटीवर लाल 'एल', त्यांच्या पायाशी जादा ब्रेक आणि क्लच, आणि तोंडात एकच वाक्य: "काकू, घाई कशाला करायलाव?" सकाळी सहाला विजापूर रोडला सैफुलच्या पुढं जायचं, ऊन तापायच्या आत परत यायचं.

मला वाटलं होतं, यू-टर्न म्हणजे स्टेअरिंग किती फिरवायचं ते शिकवतील. तर त्या दिवशी सरांनी गाडी चालवूच दिली नाही. दुभाजकात जिथं वळायला जागा सोडलेली असते, ज्याला सगळे 'कट' म्हणतात, तशा एका कटाच्या अलीकडं गाडी डाव्या बाजूला लावली, इंजिन बंद केलं आणि म्हणाले, "आता नुसतं बघायचं. वळणारा कुठं उभा राहतो तेवढंच बघा."

पैसे भरून गाडीत नुसतं बसायचं म्हणजे काय, असं मनात आलं. पण बघत गेले. दुधाच्या कॅनवाला डाव्या कडेनं आला आणि मागं न बघता सरळ उजवीकडं कापत गेला. एक रिक्षा कटात आधीपासून उभी होती, तिच्या उजव्या बाजूनं दुसरी येऊन घुसली, आता दोघींनाही समोरचं दिसेना. मग एक स्कूल व्हॅन. ती वळायला म्हणून कटात तिरकी झाली, समोरून गाड्या येत होत्या म्हणून तशीच थांबली, आणि तिचं ढुंगण आमच्या बाजूच्या आतल्या लेनमध्ये बाहेर राहिलं. मागून येणाऱ्या जीपनं करकचून ब्रेक मारला. व्हॅनच्या ड्रायव्हरला त्याचा पत्ताही नव्हता, तो समोर बघत होता.

"दिसलं का?" सर म्हणाले. "डिव्हायडर किती रुंद आहे? मीटर, सव्वा मीटर. गाडी किती लांब? साडेतीन मीटरच्या वर. मग ती आडवी मावणार कुठं?"

इतकी साधी गोष्ट, आणि मागच्या सीटवर बसून इतकी वर्षं माझ्या कधी लक्षात आली नव्हती. दुभाजक गाडीच्या लांबीपेक्षा रुंद असेल तर वळण दोन टप्प्यांत होतं: आपली बाजू ओलांडायची, मध्ये आडोशाला थांबायचं, मग पलीकडं जायचं. अरुंद असेल तर मध्ये थांबायला जागाच नाही. मग थांबायचं ते दुभाजकाला चिकटून, सरळ, रस्त्याला समांतर, इंडिकेटर चालू ठेवून. आणि पलीकडची बाजू पूर्ण मोकळी झाली की एका दमात वळायचं. तिरकं उभं राहून नाक पुढं काढायचं नाही.

आणि सरळ उभं असताना चाकंही सरळच ठेवायची. हे मला नवीन होतं. आपण आधीच उजवीकडं स्टेअरिंग काटून तयारीत उभे राहतो. तेवढ्यात मागून कुणी धडकलं तर चाकं वळलेली असल्यामुळं गाडी ढकलली जाते ती थेट समोरून येणाऱ्या गाड्यांच्या तोंडात. चाकं सरळ असतील तर पुढं सरकते, आपल्याच बाजूला राहते. सरांनी हे सांगताना आवाज चढवला नाही की भीती घातली नाही, नुसतं माझ्या हातावर हात ठेवून स्टेअरिंग सरळ केलं.

दुसऱ्या दिवशी खांब मोजायला लावले. शहरातल्या रस्त्यावर दोन दिव्यांच्या खांबांत ढोबळमानानं पंचवीस-तीस मीटर अंतर असतं. शिकाऊ माणसाला वळायला, म्हणजे गिअर टाकून हाफ क्लचवर निघण्यापासून पलीकडं सरळ होऊन वेग धरेपर्यंत, सहा-सात सेकंद लागतात. समोरचा तासाला ५० किलोमीटरनं येत असेल तर सेकंदाला १४ मीटर येतो. सात सेकंदांत शंभर मीटर झाले. म्हणजे चार खांबांपर्यंत रस्ता रिकामा दिसला तरच पाय क्लचवरून उचलायचा. "तीन खांबांवर बाइक दिसायलीय आणि तुम्हाला वाटतं जमतंय, तर जमत नाही असं समजायचं." हा हिशेब मला फार आवडला. आमच्या धंद्यात कटिंग मास्तर कात्री लावण्याआधी तागा पसरून खडूनं सगळे भाग आखून घेतो, एकदा कापल्यावर कापड परत जोडता येत नाही; तसंच हे.

ज्या कटासमोर गल्ली येऊन मिळते तिथं आणखी एक भानगड असते. गल्लीतून डावीकडं वळून बाहेर पडणारा माणूस आणि आपण, दोघंही एकाच लेनमध्ये जाऊन पडतो. तो उजवीकडं मान वळवून सरळ येणाऱ्या गाड्या बघतो, दुभाजकाकडून वळणारं कुणी असेल हे त्याच्या ध्यानीमनीही नसतं. सरळ जाणाऱ्याला आणि पायी रस्ता ओलांडणाऱ्याला वाट देणं वळणाऱ्याचं काम आहे, हे मला कळत होतं. गल्लीतून येणाऱ्याचाही हिशेब आपणच धरायचा, हे तिथं कळलं.

घरी आल्यावर यांना हे सगळं सांगितलं. ऐकून घेतलं, आणि म्हणाले, "ते ठीक आहे गं, पण बोर्डाचं काय?"

मग मीच शोधायला बसले. १९८९ साली 'रूल्स ऑफ द रोड रेग्युलेशन्स' आले होते. त्यात यू-टर्नबद्दल दोनच वाक्यं आहेत, आणि ती अगदी सरळ आहेत. जिथं खास मनाई केली आहे तिथं आणि वर्दळीच्या रस्त्यावर यू-टर्न घ्यायचा नाही. जिथं परवानगी आहे तिथं उजवीकडं वळतानाचा हात दाखवायचा, आरशात मागचं बघायचं आणि सुरक्षित असेल तेव्हाच वळायचं. २०१७ साली त्या नियमांच्या जागी मोटार वाहन ड्रायव्हिंग रेग्युलेशन्स आले. ते जास्त तपशिलात आहेत, पण गाभा तोच. त्यात भर रस्त्यावरच्या पट्ट्यांची: मधली रेघ सलग असेल, एकेरी असो की दुहेरी, तर ती ओलांडायची नाही. आणि रेघ न ओलांडता यू-टर्न घेता येत नाही. म्हणजे सलग रेघ हाही बोर्डच, फक्त डांबरावर काढलेला. तुटक रेघ असेल तर सुरक्षित बघून ओलांडता येते. सिग्नलच्या चौकात तर प्रश्नच नाही; उजवीकडं वळायचा हिरवा मिळेपर्यंत वळायचं नाही, मग चौक कितीही रिकामा दिसो.

'मनाई आहे तिथं *आणि* वर्दळीच्या रस्त्यावर'. यांचा सगळा युक्तिवाद त्या 'आणि'पाशी अडकला. बोर्ड ही एक गोष्ट झाली. बोर्ड नसला तरी रस्ता वाहता असेल तर मनाई आहेच, फक्त ती ओळखायची जबाबदारी चालवणाऱ्यावर टाकली आहे. आपल्याकडं उलटं समजतात: बोर्ड लावला नाही म्हणजे सरकारनं परवानगी दिली.

पण यांची बाजूही सांगते, कारण त्यात तथ्य आहे. वर्दळ म्हणजे किती? मिनिटाला दहा गाड्या की पन्नास? ज्या कटाला आम्ही सकाळी सहाला वळायचो तिथं तेव्हा कुत्रं नसायचं, आणि दहाला तिथंच दोन मिनिटं मोकळा रस्ता मिळायचा नाही. नियमात आकडा नाही, त्यामुळं चौकात उभ्या असलेल्या माणसाला जे वाटेल ते. आणि रेघांचं म्हणाल, तर आमच्या रोजच्या वाटेवर कितीतरी ठिकाणी रंग इतका उडालाय की ती सलग होती की तुटक, हे खाली बसून बघितलं तरी कळणार नाही. जी रेघ दिसत नाही ती मोडली म्हणून दंड करायचा, हे मला तरी पटत नाही. पट्टे मारणाऱ्यांनी पावसाळ्यानंतर एकदा त्या वाटेनं स्वतः गाडी चालवून बघावी.

दंडाचंही वाचलं, कारण धंद्याच्या माणसाला ते आधी सुचतं. हे विनियम मोडले तर मोटार वाहन कायद्याचं कलम १७७-अ लागतं, ५०० ते १००० रुपये. फार नाही. पण खरी गंमत पुढं आहे. आपल्याकडं लांबचा कट टाळायला काय करतात? जवळच्या कटापर्यंत शंभर मीटर उलट्या बाजूनं जातात. "यू-टर्नची भानगडच नको," असं म्हणून. वाहतुकीच्या दिशेविरुद्ध गाडी चालवणं २०१९च्या दुरुस्तीनंतर कलम १८४च्या धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये येतं: पहिल्याच गुन्ह्याला १००० ते ५००० रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. म्हणजे जे लोक चुकीचा यू-टर्न टाळायला उलटं जातात ते पाचशेच्या गुन्ह्यातून सुटून तुरुंगाची तरतूद असलेल्या गुन्ह्यात शिरतात. हे मी यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. ते म्हणाले, "पंख्याचं रेग्युलेटर बघ जरा, हवा कमी येतीय."

आमच्या युनिटसमोरचा रस्ता हा वेगळाच मामला. तिथं दुभाजक नाही, रेघ नाही, बोर्ड नाही. आतला रस्ता, दोन गाड्या जातील एवढा. इथं तरी वळायला हरकत नसावी असं मलाही वाटलं. गाडीच्या पुस्तकात वळणाची त्रिज्या ४.७ मीटर दिलेली. मास्तरांना घेऊन टेपनं रस्ता मोजला. साठ इंची टेप, त्यामुळं खडूच्या खुणा करत करत जावं लागलं आणि शेजारच्या युनिटमधली दोन-चार माणसं मजा बघायला बाहेर आली. डांबर भरलं सात मीटर. वळायला लागणार ४.७ची दुप्पट, ९.४, आणि बंपर चाकाच्या पुढं असतो त्याचं थोडं वेगळं. म्हणजे फुल स्टेअरिंग काटलं तरी गाडी एका दमात वळत नाही. पुढं, मागं, परत पुढं, असं तीनदा करायचं आणि तेवढा वेळ रस्त्यात आडवं उभं राहायचं, तेही जिथं कंटेनर येतात तिथं.

"डावीकडं चिकटून सुरुवात केली तर?" मास्तरांनी विचारलं. सगळे तेच करतात, उजवीकडं वळायला आधी डावीकडं हेलकावा घेतात. सरांनी नेमकं तेच करायला मनाई केली होती. आपण डावीकडं सरकलो की मागच्याला वाटतं हा थांबायला लागलाय, आणि तो उजवीकडून पुढं काढायला बघतो, त्याच क्षणी आपण उजवीकडं. उजवीकडं वळणाऱ्यानं आधीच रस्त्याच्या मध्याकडं यायचं असतं, म्हणजे मागच्याला त्याच्या डावीकडून वाट मिळते. सात मीटरच्या रस्त्यावर हे पाळलं तर वळण बसत नाही, आणि वळण बसवायचं तर हे पाळता येत नाही. तेव्हा तिथं वळायचंच नाही, असं ठरलं. पुढं प्लॉटांना वळसा घालून यायचं.

आसरा पुलाचंही असंच. पुलावर वळायचं नाही हे कुणालाही कळतं, पण पुलावरून उतरल्या उतरल्याही नाही, हे शिकवावं लागतं. चढाच्या पलीकडून येणाऱ्याला आपण शेवटच्या क्षणी दिसतो. वळणावर तसंच. शाळेपुढं, झेब्रा पट्ट्यांवर, फाटकाजवळ, सर एकेक ठिकाण आलं की नाव घ्यायचे आणि मला विचारायचे, इथं का नाही? कारण सांगता आलं नाही तर पुढं जाऊ द्यायचे नाहीत. सात रस्त्याला तर पहिल्यांदा मी चुकीच्याच रस्त्याला लागले. सात तोंडं, पाटी वाचेपर्यंत मागचा हॉर्न वाजवतो. "चुकला तर चुकला, जाऊ दे. पुढं सोलापूर संपलं का?" असं म्हणत त्यांनी मला रंगभवनपर्यंत नेलं. वाट चुकल्यावर तिथल्या तिथं वळायची जी उबळ येते, ती मारायला शिकणं हा निम्मा धडा होता असं आता वाटतं.

हायवेवर त्यांनी मला शेवटी नेलं, पुणे रोडला, आणि वळायला लावलं नाही. ढाब्यांसमोर, पंपांसमोर जिथं तिथं लोकांनी स्वतःच्या सोयीनं दुभाजक फोडून वाटा केलेल्या असतात. त्यातून मोटरसायकली ये-जा करतात, आणि ते बघून कारवालाही शिरतो. चौपदरी दुभाजकाच्या रस्त्यावर कारला १०० पर्यंत वेगाची मुभा आहे. ८०नं येणारी गाडी सेकंदाला २२ मीटर काटते. माझे सात सेकंद धरले तर दीडशे मीटरच्या वर. आणि त्या वेगात ड्रायव्हरनं बघून, ब्रेक मारून गाडी थांबवायला १२० मीटर धरतात, शंभरच्या वेगाला १८०. म्हणजे त्याला मी दिसेन तेव्हा त्याच्याकडं थांबायला जेमतेम अंतर उरलेलं असतं, आणि मधला ट्रक आड आला तर तेही नाही. रात्री तर विषयच सोडा. आपल्या जिल्ह्यात ऊसतोड सुरू झाली की दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर कारखान्याकडं निघतात. ट्रॅक्टर वळून पलीकडं गेलेला असतो आणि मागची ट्रॉली अजून आपल्या लेनमध्ये आडवी असते, बऱ्याचदा मागं दिवा ना रिफ्लेक्टर. सर म्हणाले, "ट्रॅक्टरचा दिवा गेला म्हणजे वाट मोकळी झाली असं रात्री कधीच समजू नका. दहा मोजा." हे वाक्य मी पुढं तुळजापूरला जाताना खरोखर वापरलं आणि सातव्या आकड्याला दुसरी ट्रॉली दिसली.

पक्क्या लायसन्सची टेस्ट लर्निंग मिळाल्यापासून ३० दिवसांनी देता येते, आणि लर्निंग सहा महिने चालतं. त्या आतली तारीख घेतली. टेस्टबद्दल इतकं ऐकलं होतं की रात्री झोप नाही, प्रत्यक्षात सगळं पाऊण तासात आटोपलं, त्यातही बराच वेळ रांगेत. निरीक्षक साहेबांनी ट्रॅकवर गाडी फिरवायला लावली, रिव्हर्स घ्यायला लावला. मग काच खाली घ्यायला सांगितली आणि म्हणाले, "यू-टर्नचा हात दाखवा."

एसीच्या गाडीत हात कुणी दाखवत नाही. पण मी उजवा हात बाहेर काढून आडवा सरळ धरला, तळवा पुढच्या बाजूला.

"हा तर राइट टर्नचा."

"दोन्हीला एकच आहे सर."

त्यांनी मान हलवली. पुढं विचारलं, बोर्ड नसेल तर कुठं वळायचं नाही? मी सुरू झाले: वर्दळीचा रस्ता, सलग रेघ, पूल, वळण, चढाचा माथा, झेब्रा... "बस, बस," म्हणाले आणि पुढच्याला हाक मारली. मला अजून दुभाजकाची रुंदी सांगायची होती.

लायसन्स पोस्टानं घरी आलं. आता हे शेजारच्या सीटवर बसतात, त्यांचा गुडघा बरा आहे पण चालवायचा कंटाळा येतो म्हणतात. मी कट सोडून पुढच्या चौकापर्यंत गेले की पेट्रोलचा भाव काढतात. मी एकदा गाडीच्या आकड्यावर बघून ठेवलं: घरून युनिटपर्यंत अशा सगळ्या वळशांचे मिळून दीड किलोमीटरही जास्त होत नाहीत. आठ-नऊ रुपयांचं पेट्रोल. त्यांचं समाधान झालं नाही, पण बोलणं कमी झालं.

युनिटमध्ये एक बदल मात्र केला. कापडाचे तागे घेऊन येणारा टेम्पो आमच्या गेटसमोर त्या सात मीटरच्या रस्त्यात तीन झटक्यांत वळायचा, आणि तेवढा वेळ त्याचा पोऱ्या रस्त्याच्या मधोमध हात वर करून उभा राहायचा. सोळा-सतरा वर्षांचं पोर. मी टेम्पोवाल्या मामांना म्हटलं, उद्यापासून पलीकडच्या बाजूनं वळसा घालून या, म्हणजे गेट डाव्या हाताला येईल आणि वळायचं कामच राहणार नाही. मामांनी आधी मास्तरांकडं बघितलं, मग माझ्याकडं. "मॅडम, इतकी वर्षं वळायलोय की." म्हटलं, माहितीय. मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हवा घेतली आणि फेरीमागं तीस रुपये वाढवून मागितले. वीसवर जमलं.